ईमेलसोबत आलेल्या अनोळखी फाइलीची पारख

हल्लीं सातबाऱ्याचे उतारे, नोटिसा व बँकेचीं पत्रें ईमेलसोबत फाइलीच्या रूपानें येतात. एखादी फाइल अनोळखी वाटल्यास तिच्या नांवांतील शेवटच्या टिंबापुढचीं इंग्रजी अक्षरें प्रथम पाहावीं. पीडीएफ म्हणजे छापील पानासारखा लेख, जेपीजी म्हणजे चित्र, झिप म्हणजे अनेक फाइलींचें गाठोडें. ईएक्सई, व्हीबीएस व एपीके हे मात्र कागद नव्हत. ते यंत्रास हुकूम देणारे प्रोग्राम होत. ते उघडूं नयेत.

विंडोजमध्यें हीं अक्षरें मूळ मांडणींत बहुधा झांकलेलीं असतात, त्यामुळें 'सातबारा.पीडीएफ.ईएक्सई' ही फाइल साध्या उताऱ्यासारखी भासते. इ. स. २००० च्या मे महिन्यांत 'आय लव्ह यू' नामक उपद्रवी प्रोग्राम अशाच दुहेरी शेंपटानें जगभर पसरला.

शेंपूट मुळींच नसल्यास फाइल संगणकावर नोटपॅडमध्यें उघडून आरंभ पाहावा. तेथें 'पीडीएफ' हीं अक्षरें असल्यास लेख, 'एमझेड' असल्यास प्रोग्राम समजावा. 'पीके' हीं अक्षरें झिपच्या आरंभीं असतात, तशींच एपीकेच्याहि. म्हणून तेवढ्यावर निर्धास्त होऊं नये.

संशय उरल्यास पाठविणारास आपल्याजवळील जुन्या क्रमांकावर विचारावें. पीकविक्रीची रक्कम खात्यांतून गेलीच, तर १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावें. विलंबानें ती परत मिळणें कठीण होतें.