खाते आजोबांचे, मोबाइल नातवाचा

अमरावतीच्या जवाहर रोडवर किंवा अकोल्याच्या टिळक रोडवर संध्याकाळी गिऱ्हाइकीच्या वेळी क्षणभर डोळे मिटून उभे राहिले, तर दुकानादुकानांतून एकच वाक्य कानी येते : इतके रुपये प्राप्त झाले. गल्ल्याशेजारच्या ज्या छोट्या पेटीला सगळे साउंडबॉक्स म्हणतात, ती काही अंधांसाठी आलेली नाही. गर्दीच्या वेळी प्रत्येक गिऱ्हाइकाच्या मोबाइलमध्ये डोकावायला दुकानदाराला सवड नसते, आणि खोटा स्क्रीनशॉट दाखवून माल नेणारेही भेटतात. म्हणून ती आली. परंतु गादीवर बसलेल्या, मोतीबिंदूने नजर मंदावलेल्या शेठजींना कोणालाही न विचारता ‘पैसे आले’ हे कळू लागले ते या पेटीमुळेच. सुगम्यता म्हणून ज्या गोष्टीची आज न्यायालयांत आणि शासनदरबारी चर्चा होते, तिचे एक रूप आपल्या बाजारपेठेत असे नकळत येऊन बसले आहे.

पैसे आल्याचे असे कळते; पैसे द्यायची वेळ आली की मात्र तेच शेठजी खिशातला फोन काढून नातवाच्या हाती देतात. ज्या हाताने चाळीस वर्षे रोजमेळ लिहिला, खतावणी ओढली, दिवाळीला नव्या वहीचे पूजन केले, तो हात काचेवर थरथरतो. अक्षरे दिसत नाहीत. ओटीपी वाचेपर्यंत त्याची मुदत संपते. ‘तूच कर रे बाबा’ हे वाक्य वऱ्हाडातल्या किती घरांत रोज उच्चारले जात असेल! त्यात मुलांचा कंटाळा नसतो, उलट सेवाभावच असतो. तरीही या सेवेत एक व्यवहार दडलेला आहे आणि बँकेच्या काउंटरमागून तो फार स्पष्ट दिसतो. खाते वडिलांच्या नावाचे, ठेवपावती आजीच्या नावाची, पण खात्याला जोडलेला मोबाइल क्रमांक मुलाचा किंवा नातवाचा. पैसे निघाल्याचा संदेश त्याला, ओटीपी त्याला, व्याज जमा झाल्याची सूचनाही त्यालाच. पिन साऱ्या घराला ठाऊक. कागदोपत्री मालक असलेल्या माणसाला आपल्या पैशाची वार्ता दुसऱ्याने सांगितली तरच कळते. पती गेल्यानंतर खाते स्वतःच्या नावावर आलेल्या स्त्रीची स्थिती तर याहून अवघड असते, कारण तिने विचारणे म्हणजे घरात संशय घेणे असा अर्थ लावला जातो.

वास्तविक, आज कोणताही साधा अँड्रॉइड फोन घेतला, तरी त्याच्या सेटिंगमध्ये ‘ॲक्सेसिबिलिटी’ नावाचे पान असते. फोन विकताना ते कोणी दाखवत नाही आणि घरी कोणी उघडत नाही. तेथे अक्षरांचा आकार वाढवता येतो. पडद्याचा हवा तो भाग भिंग धरल्यासारखा मोठा करता येतो. बोट काचेवर किती वेळ टेकले म्हणजे फोनने ते ‘दाबून धरणे’ मानावे, तो अवधीही वाढवता येतो. कंपवात असलेल्या माणसाला या शेवटच्या सोयीचा उपयोग अक्षरे मोठी करण्याहून अधिक होतो, कारण त्याची अडचण दिसण्याची नसून बोट नको तेथे रेंगाळण्याची असते. ऐकू कमी येणाऱ्यांसाठी समोरच्याचे बोलणे मराठी अक्षरांत उमटवून दाखवणारे लाइव्ह ट्रान्स्क्राइब हे गुगलचे ॲप विनामूल्य मिळते. अँड्रॉइडच्या चौदाव्या आवृत्तीपासून फोन वाजला की कॅमेऱ्याचा दिवा लुकलुकवण्याची सोयही आली आहे. साउंडबॉक्सचा ज्यांना काडीचा उपयोग नाही, त्यांच्यासाठी हा दिवा आहे.

ज्यांची दृष्टी पूर्ण गेली आहे, त्यांच्यासाठी अँड्रॉइडमध्ये टॉकबॅक आणि आयफोनमध्ये व्हॉइसओव्हर असते. आयफोनमध्ये ही सोय २००९ पासून आहे. टॉकबॅक चालू केले की फोनचे वागणेच बदलते. एका बोटाने स्पर्श केला तर बोटाखाली काय आहे ते तो बोलून सांगतो, उघडत नाही. दोनदा टिचकी मारली की उघडतो. पान सरकवायला दोन बोटे लागतात. हे ठाऊक नसताना चुकून टॉकबॅक चालू झाले, तर घरात एकच धांदल उडते. ‘फोन बिघडला, आपोआप बोलतो’ म्हणून तो दुरुस्तीच्या दुकानात जातो. बहुतेक फोनमध्ये आवाजाची दोन्ही बटणे काही सेकंद एकत्र दाबून धरली, तर हे बोलणे बंद किंवा चालू होते. मराठी आवाज एकदा उतरवून घेतला की संदेश मराठीत ऐकता येतात. दुकानात बसून ऐकायचे असेल, तर एका कानात इअरफोन घालावा. नाहीतर खात्यातील शिल्लक साऱ्या बाजाराला कळायची! संगणकासाठी एनव्हीडीए ही पडदा वाचून दाखवणारी प्रणाली विनामूल्य आहे. तिची सुरुवात २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातील मायकेल करन या अंध तरुणाने केली आणि जेम्स तेह हा दुसरा अंध तरुण त्याला येऊन मिळाला. हिशेबाची एक्सेल पाने ती रकाना-रकाना वाचते.

ऐकून शिकणे आपल्या मातीला नवे नाही. अमरावती जिल्ह्यातील माधानचे गुलाबराव महाराज (१८८१–१९१५) यांची दृष्टी तान्हेपणीच गेली होती. त्यांनी इतरांकडून ग्रंथ वाचून घेतले आणि इतरांकडून लिहवून शंभराहून अधिक ग्रंथ सिद्ध केले. प्रज्ञाचक्षू म्हणून वऱ्हाड आजही त्यांना ओळखतो. जैन विद्येच्या क्षेत्रात हीच पदवी पंडित सुखलालजी संघवी यांना लाभली. सौराष्ट्रातील व्यापारी घरात १८८० मध्ये जन्मलेल्या सुखलालजींची दृष्टी सोळाव्या वर्षी देवीच्या रोगाने गेली. त्यांनी काशीत राहून श्रवणाच्या बळावर दर्शनशास्त्रे आत्मसात केली, आणि पंडित बेचरदास दोशी यांच्यासह ‘सन्मतितर्क’ या ग्रंथाचे संपादन केले. या दोघांनाही एक गोष्ट अत्यावश्यक होती : वाचून दाखवणारा माणूस. तो नसेल त्या दिवशी ग्रंथ बंद. आता वाचून दाखवणारा खिशात असतो, तो थकत नाही आणि कोणाचे गुपित बाहेर सांगत नाही. याच अमरावती जिल्ह्यात, वझ्झर येथे पद्मश्री शंकरबाबा पापळकर यांच्या छत्राखाली वाढलेल्या माला पापळकर या दृष्टिहीन युवतीने २०२४ मध्ये लोकसेवा आयोगाची परीक्षा उत्तीर्ण केली. सरकारी कचेरीतील लिपिकाचे काम आज बहुतांश संगणकावर चालते. ते करण्यास दृष्टिहीन उमेदवार पात्र ठरतो, ही गोष्ट एका पिढीपूर्वी कोणाला पटली नसती.

नोटांची गोष्ट वेगळी आणि व्यापाऱ्याला चटकन कळणारी. २०१६ पासून आलेल्या नव्या मालिकेत १०० रुपयांची नोट १४२ मिलिमीटर लांब, २०० ची १४६ आणि ५०० ची १५०. तिन्हींची रुंदी ६६ मिलिमीटर. म्हणजे एका नोटेत आणि पुढच्या नोटेत अवघा चार मिलिमीटरचा फरक. हाताने नोट ओळखणाऱ्यांसाठी कडेला उठावदार रेघा आहेत. १०० च्या नोटेवर त्या चार, ५०० च्या नोटेवर पाच. पण नोट चार महिने बाजारात फिरली की तो उठाव बोटाला लागेनासा होतो. रिझर्व्ह बँकेने १ जानेवारी २०२० रोजी ‘मणि’ नावाचे ॲप आणले. नोट कॅमेऱ्यासमोर धरली की ते तिचे मूल्य बोलून सांगते, ज्यांना ऐकू येत नाही त्यांना कंपनाने कळवते, आणि एकदा उतरवून घेतले की त्याला इंटरनेट लागत नाही. नोट खरी की खोटी हे मात्र ते सांगत नाही. तेवढे लक्षात ठेवूनच गल्ल्यावर त्याचा वापर करावा.

बँकांच्या बाबतीत नियम पुष्कळ आहेत आणि ते ग्राहकांना क्वचितच ठाऊक असतात. दृष्टिहीन व्यक्ती करार करण्यास सक्षम आहे, तिला चेकबुक, एटीएम कार्ड, लॉकर नाकारता येणार नाही, हे रिझर्व्ह बँकेने २००८ मध्येच स्पष्ट केले. ९ नोव्हेंबर २०१७ च्या परिपत्रकाने सत्तरीपुढील आणि दिव्यांग ग्राहकांना घरपोच बँकसेवा देण्यास सांगितले. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्याचे तेरावे कलम तर स्वतःचे आर्थिक व्यवहार स्वतः सांभाळण्याचा हक्क इतरांच्या बरोबरीने देते. तरीही प्रत्यक्षात खाते उघडण्याची वेळ आली की अडचण कोठून उभी राहील, सांगता येत नाही. मोबाइलवरील ओळखपडताळणीत समोरची व्यक्ती जिवंत आहे याची खूण म्हणून पापणी मिटायला सांगतात. आम्लहल्ल्यात ज्यांचे डोळे गेले, पापण्याच उरल्या नाहीत, त्यांनी काय मिटायचे? प्रज्ञा प्रसून आणि इतर आम्लपीडितांनी, तसेच स्वतः पूर्णतः दृष्टिहीन असलेले विधिज्ञ अमर जैन यांनी हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात नेला. ३० एप्रिल २०२५ रोजी न्यायमूर्ती जे. बी. पारडीवाला आणि न्यायमूर्ती आर. महादेवन यांच्या पीठाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचाच भाग मानला, आणि वीस निर्देश दिले. पापणीशिवाय अन्य मार्गांनी पडताळणी व्हावी, आणि संस्थांनी आपल्या ॲपची सुगम्यतेच्या दृष्टीने नियतकालिक तपासणी करून घ्यावी, हे त्यांतील काही.

या तपासणीची गरज किती आहे, हे टॉकबॅक लावून एखादे ॲप उघडून पाहिले की समजते. ज्या बटणांना ॲप बनवणाऱ्याने नावच दिलेले नाही, तेथे फोन नुसते ‘बटण, बटण, बटण’ असे म्हणत राहतो. पैसे पाठवण्याचे कोणते आणि रद्द करण्याचे कोणते, हे ऐकणाऱ्याने अंदाजाने ठरवायचे. खातेउतारा छायाचित्रासारखा बनवलेला असेल, तर वाचणाऱ्या प्रणालीला त्यात एकही अक्षर सापडत नाही.

एक सावधगिरी येथे सांगणे अगत्याचे आहे. ॲक्सेसिबिलिटीची परवानगी ज्या ॲपला मिळते, त्याला पडद्यावरील सर्व काही वाचता येते आणि मालकाच्या वतीने बटणेही दाबता येतात. टॉकबॅकला हे करावेच लागते. परंतु ठकसेनांनीही हीच चावी ओळखली आहे. लग्नपत्रिका, गॅसचे बिल किंवा बँकेची सूचना म्हणून व्हॉट्सॲपवर एखादी एपीके फाइल येते, ती उघडली की ॲक्सेसिबिलिटीची परवानगी मागते, आणि दिली की ओटीपीसह सारे त्यांच्या हाती जाते. फोनसोबत आलेल्या किंवा घरातील जाणत्याने अधिकृत ठिकाणाहून पाहून घेतलेल्या सोयींखेरीज कोणालाही ही परवानगी देऊ नये. फसगत झालीच, तर १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे. पहिल्या काही तासांत रक्कम रोखली जाण्याची शक्यता अधिक असते.

मुळातला उपाय मात्र शाखेत जाऊन एका अर्जाने होणारा आहे : खात्याला खातेदाराचाच मोबाइल क्रमांक जोडणे. मदतीला कोणी हवेच असेल, तर रीतसर संयुक्त खाते करता येते. त्यात दोघांची नावे आणि दोघांचे अधिकार लेखी असतात. पिन सांगून चालवलेल्या कारभाराला असा कोणताही लेखी आधार नसतो. आणखी एक सवय आपल्या घरांत रूढ झाली आहे. नातवाने नवा फोन घेतला की जुना आजीकडे जातो. त्याची काच तडकलेली, बॅटरी उतरलेली असते आणि कंपनीने त्याची अद्ययावत आवृत्ती देणे केव्हाच थांबवलेले असते; त्यावर बँकेची ॲप्स चालायचे नाकारतात आणि मग आजीला फोन जमत नाही असा निष्कर्ष निघतो. ज्याची नजर अधू, त्याला अधिक मोठा, अधिक उजळ आणि नवा फोन लागतो. हा साधा हिशेब व्यापारी घराला अवघड जाऊ नये.

समाजाच्या पातळीवरही एक गोष्ट आहे. १९७५ मध्ये जयपूरला डी. आर. मेहता यांनी भगवान महावीर विकलांग सहायता समिती स्थापन केली. हेच मेहता पुढे रिझर्व्ह बँकेचे उपगव्हर्नर आणि सेबीचे अध्यक्ष झाले. जयपूर फूटची शिबिरे आता आपल्या परिचयाची आहेत, नेत्रशिबिरेही. फोन लावून देण्याचे, टॉकबॅक शिकवण्याचे शिबिर अशाच एखाद्या भवनात रविवारच्या सकाळी भरवायला टेबले, चार जाणती मुले आणि संयम एवढेच लागते. शस्त्रक्रियेच्या शिबिराहून त्याचा खर्च कितीतरी कमी येईल.

आणि तोपर्यंत समाजाच्या व्हॉट्सॲप गटांकडे पाहावे. चातुर्मासातील प्रवचनांचे वेळापत्रक, महाराजसाहेबांच्या विहाराची सूचना, कोणाच्या निधनाची वार्ता, उठावण्याची वेळ, हे सर्व सुंदर फुलांच्या चौकटीतील चित्र म्हणून येते. टॉकबॅक त्यावर बहुधा एकच शब्द उच्चारते : ‘फोटो’. ज्यांचा जन्मभराचा मित्र गेला, त्या दृष्टिहीन गृहस्थांना उठावणा कोठे आणि किती वाजता आहे, हे गटातील शंभर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ ऐकूनही कळत नाही. कित्येकदा कोण गेले हेदेखील कळत नाही. चित्राखाली नाव, स्थळ आणि वेळ टंकून पाठवली तर फोन ती वाचतो. मात्र मजकूर युनिकोड मराठीत हवा. छपाईसाठी जुन्या फाँटमध्ये जुळवलेला मजकूर तसाच उचलून चिकटवला, तर त्याचे इंग्रजी अक्षरांचे कडबोळे होते, आणि ऐकणाऱ्याला त्यातून काहीच उमगत नाही.