सहाव्या महिन्यातील बाळ आणि उपनगरातील पाळणाघर

पाय लांब करून बसलेली आजी, तिच्या पायांवर पालथे घातलेले बाळ, पाठीवरून ओघळणारे ऊन पाणी, हळद-पिठाचा वास आणि या सगळ्यांबरोबर अखंड चाललेले आजीचे बोलणे. मराठी घरातील या आंघोळीला कोणी कधी शिक्षण म्हटले नाही. तरीही त्वचा, नाक, कान आणि डोळे यांना जगाची ओळख करून देणारा तो रोजचा पाठ होता. पाळण्यावर रंगीत चिमणाळे फिरत असे, पायांत वाळे वाजत, मुठीत खुळखुळा असे. त्यामागील शास्त्र घरात कोणाला ठाऊक नव्हते. परंतु बाळाकडे पाहणारा माणूस घरात होता.

जुन्याचे गोडवे गाण्याचा येथे हेतू नाही. आंघोळीनंतरची धुरी कोवळ्या फुप्फुसांना अपायकारक असते, काजळ घालताना डोळ्यांत जंतू जाऊ शकतात आणि पहिल्या वर्षात चाटविलेला मध क्वचित प्रसंगी जिवावरही बेततो. ते सारे सोडलेच पाहिजे. मात्र धुरीबरोबर तो बोलणारा माणूसही आपण घराबाहेर घालविला की काय, अशी शंका अंधेरी, बोरिवली, मुलुंड किंवा घाटकोपर येथील कोणत्याही नोकरदार बिऱ्हाडात डोकावले असता येते.

नवजात अर्भकाला काही कळत नाही, हा समज विज्ञानाने केव्हाच मोडीत काढला आहे. त्याला सुमारे वीस ते तीस सेंटिमीटरवरचे त्यातल्या त्यात स्पष्ट दिसते; अंगावर पिताना आईचा चेहरा साधारण तितक्याच अंतरावर असतो. कान तर जन्माआधीच जागे झालेले असतात. अँथनी डीकॅस्पर आणि विल्यम फायफर या अमेरिकी संशोधकांनी १९८० साली दाखवून दिले, की जन्मून तीन दिवसही न झालेली बाळे परक्या स्त्रीच्या आवाजापेक्षा आईचा आवाज ऐकू यावा अशा रीतीने चोखणी चोखतात. इंद्रिय मिळाले म्हणजे काम झाले, असेही नाही. ह्यूबेल आणि वीझेल यांनी मांजराच्या पिल्लाचा एक डोळा सुरुवातीचे काही आठवडे बंद ठेवला. पुढे डोळा उघडला, तो निर्दोष होता. पण मेंदू त्या डोळ्याने पाहायला शिकलाच नव्हता. १९८१ चे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले ते दृष्टीविषयीच्या अशाच संशोधनासाठी. वेळेत न मिळालेला अनुभव नंतर भरून काढणे किती अवघड असते, हे त्यावरून ध्यानात यावे.

म्हणूनच घाटकोपरला डोक्यावरून विमान गेले, स्वयंपाकघरात कुकरची शिटी झाली आणि तरीही बाळ दचकले नाही, तर ‘किती शांत मूल आहे’ म्हणून कौतुक करणे धोक्याचे ठरते. श्रवणाची प्राथमिक तपासणी काही मिनिटांची असते आणि ती जन्मानंतर काही दिवसांतच करता येते. वांद्र्याला १९८३ पासून अली यावर जंग यांच्या नावाची, वाचा आणि श्रवण या विषयांना वाहिलेली राष्ट्रीय संस्था आहे. तेथे पोहोचायला उपनगरांतून फार तर तासभर लागतो; ‘बोलेल हळूहळू’ म्हणत आपण मात्र दोन-दोन वर्षे घालवितो.

आता नवे संकट भ्रमणध्वनीचे. घास भरविताना बाळासमोर चित्रफीत लावण्याची रीत चाळीपासून मनोऱ्यापर्यंत सर्वत्र रूढ झाली आहे. जिभेवर गाजर आहे की भात, हे त्या बाळाला कळत नाही, कारण डोळे व कान दुसरीकडेच गुंतलेले असतात. शिवाय पडदा उत्तर देत नाही. बाळ हुंकारले की आई हुंकारते, त्याने ताटली आपटली की ती ‘अगं बाई!’ म्हणते, या देवाणघेवाणीतूनच ऐकलेल्या आवाजाला अर्थ येतो. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने दोन वर्षांखालील मुलांना पडदा मुळीच दाखवू नये, असे सांगितले आहे. सवलत एकच, दूरच्या नातलगांशी समोरासमोर बोलण्याची. म्हणजे गावच्या आजीला येथेही मुभा आहे!

पण हा सारा उपदेश ऐकायचा कोणी? आईने, असेच आपण गृहीत धरतो, आणि हा अन्याय आहे. २०१७ च्या दुरुस्तीने प्रसूतिरजा पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची झाली. राज्य सरकारच्या नोकरीत ती १८० दिवसांची आहे. म्हणजे रजा संपते ती सहाव्या महिन्यात, किंवा प्रसूतीपूर्वी काही आठवडे घेतली असल्यास त्याच्याही आधी. नेमक्या त्याच सुमारास बाळ बसू लागते, दिसेल ते पकडते, पकडलेले तोंडात घालते. त्याचे उष्टावण होते आणि दुधाखेरीज चवी असतात हे त्याला प्रथमच समजते. पाचही इंद्रिये एकदम कामाला लागतात आणि आई कामावर रुजू होते. जाण्या-येण्यात अडीच-तीन तास गेल्यावर तिच्या वाट्याला जागे बाळ किती येते, याचा हिशेब कारकुनी करणाऱ्या वाचकांना सांगायला नको. (वडिलांच्या हिशेबाची चर्चा आपल्याकडे होतच नाही.)

उरते पाळणाघर. पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत ते असावे, अशी कायद्याची तरतूद आहे. परंतु गर्दीच्या लोकलमधून सहा महिन्यांचे मूल फोर्टपर्यंत नेणार कोण? म्हणून उपनगरातील पाळणाघर बहुधा एखाद्या बाईच्या दिवाणखान्यातच भरते. सतरंजी, चारसहा मुले आणि चालू दूरदर्शन संच. बाई प्रेमळ असते. पण तिला हात दोनच असतात.

या प्रश्नाचे एक उत्तर याच पश्चिम रेल्वेच्या मार्गावर, डहाणूपलीकडे, फार पूर्वी शोधले गेले. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि १९५७ साली ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. अनुताई वाघ सुरुवातीपासून त्यांच्याबरोबर होत्या. माँटेसोरी पद्धतीत इंद्रियशिक्षणाला मोठे स्थान आहे, पण तिची साधने महाग. या दोघींनी शंखशिंपले, बिया, पाने, खडे हीच साधने मानली. आदिवासी मुली शाळेत येत नाहीत, कारण धाकटे भावंड सांभाळायला कोणी नसते, हे त्यांच्या लक्षात आले. तेव्हा विकासवाडीत त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी आणली. पाळणाघर हा त्यांच्या लेखी सामान ठेवण्याचा कट्टा नव्हता, शिक्षणाची पहिली इयत्ता होती.

मुंबईत आज मराठी माध्यमाच्या अनेक शाळांचा पट घसरला आहे आणि वर्गखोल्या मोकळ्या पडल्या आहेत. तळमजल्याची, मैदानाकडे दार उघडणारी एक खोली पाळणाघराला देणे अशक्य का असावे? तिथे प्रशिक्षित सेविका हव्यात आणि तीन-चार बाळांमागे एक हवी, कारण खर्च आहे तो माणसांचा, खेळण्यांचा नव्हे. सुती लुगड्याचा मऊ तुकडा, स्टीलची वाटी व पळी, वासासाठी कोथिंबिरीची जुडी, कुंडीतली ओली माती, पाण्याची परात एवढ्यावर वर्ष निघते. गिळता येईल किंवा घशात अडकेल अशी बी वा शेंगदाणा मात्र बाळाच्या हाती नको आणि परातीपाशी मोठे माणूस हवेच.

शिक्षक आणि कर्मचारी संघटनांच्या मागणीपत्रकात महागाई भत्ता असतो, घरभाडे असते. मोकळ्या वर्गखोलीतील पाळणाघर हे कलम त्यांत अजून तरी माझ्या पाहण्यात आलेले नाही. वेतनवाढीच्या पुढील बोलण्यांत ते घालायला संघटनांची काय अडचण आहे, हे त्यांच्या सभासदांनीच विचारावे.