प्रज्ञा की पञ्ञा? नाव आणि उच्चार

आपल्या समाजात मुलाचे नामकरण ही केवळ घरगुती बाब नाही. शूद्राचे नाव निंदा सुचविणारे असावे, असा दंडक मनुस्मृतीने घातला होता. आपल्या आजे-पणज्यांच्या पिढीतील कचरू, दगडू, धोंडू ही नावे आठवावीत. मूल जगावे, त्याला दृष्ट लागू नये म्हणूनही अशी नावे ठेवली जात व ती इतर जातींतही आढळत, हे खरे. परंतु हीन नाव हाच आपला वाटा, ही समजूत धर्मशास्त्रानेच रुजविली होती. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाड येथे मनुस्मृतीचे दहन झाले, तेव्हा हा दंडकही जळाला.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांना धम्मदीक्षा दिली आणि घराघरांतील नावे पालटू लागली. सिद्धार्थ, राहुल, आनंद, मिलिंद, सुजाता, यशोधरा, संघमित्रा ही नावे आली. त्याच वर्षी मे महिन्यात बी.बी.सी.वरील भाषणात बाबासाहेबांनी बौद्ध धम्म आपल्याला का आवडतो हे सांगताना प्रज्ञा, करुणा व समता ही तीन तत्त्वे मांडली. अंधश्रद्धा आणि दैवी चमत्कार यांच्या विरोधात उभी राहणारी समज म्हणजे प्रज्ञा. ही तिन्ही तत्त्वे आज मुलींची नावे आहेत. त्यांत ‘प्रज्ञा’ घरोघरी आढळते. अलीकडे काही पालक पाली ग्रंथांतील ‘पञ्ञा’ हे मूळ रूप पसंत करतात. हे नाव अजून दुर्मिळ आहे.

दोन्ही शब्द एकच. पालीत शब्दारंभीच्या ‘प्र’चा ‘प’ होतो आणि मधल्या ‘ज्ञ’चा ‘ञ्ञ’ होतो. म्हणून संज्ञा ती सञ्ञा, प्रज्ञा ती पञ्ञा. त्याचा उच्चार ‘पन्ना’ असा करू नये. पन्ना म्हणजे पाचू हे रत्न, अर्थच बदलतो. जिभेचा मधला भाग टाळूला लावून अनुनासिक ‘न्य’ दुहेरी उच्चारावा. संघवंदनेतील ‘पुञ्ञक्खेत्तं’ हा शब्द आपण नित्य म्हणतो, त्यातील ध्वनी तोच.

‘प्रज्ञा’चा उच्चार प्रांताप्रांतांत वेगळा आहे. संस्कृतात ‘ज्’ आणि ‘ञ’ यांचा संयोग आहे. मराठीत आपण ‘द्न्य’ म्हणतो, हिंदीत ‘ग्य’ म्हणतात. आपले सानगडी-साकोली हे नागपूर-रायपूर महामार्गालगतचे क्षेत्र. येथे दोन्ही उच्चार कानी पडतात. बोलण्यात त्याने काही बिघडत नाही, बिघडते ते इंग्रजी अक्षरांत लिहिताना. कोणी शेवटी डी-एन-वाय-ए लिहितो, कोणी जी-वाय-ए, तर कोणी जे-एन-ए. मराठीतही काही जण ‘प्रद्न्या’ असे अशुद्ध लिहितात.

बँकेच्या काउंटरवर हा घोळ रोज दिसतो. शाळेच्या दाखल्यावर एक स्पेलिंग, आधार कार्डावर दुसरे, पासबुकावर तिसरे. कागदाच्या दृष्टीने या तीन मुली ठरतात! शिष्यवृत्तीचा अर्ज अडकतो, जातीच्या दाखल्यासाठी हेलपाटे पडतात आणि शेवटी राजपत्रात नावाची दुरुस्ती करावी लागते. हातावर पोट असणाऱ्या पालकाची त्यात मजुरी बुडते.

यावर उपाय सोपा आहे. जन्मनोंदणीत बाळाचे नाव बारा महिन्यांपर्यंत विनाशुल्क घालता येते. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेशापासून नोकरीपर्यंत जन्मदाखला हाच जन्माचा पुरावा आहे. म्हणून नाव ठरताच मराठी व इंग्रजी स्पेलिंग कागदावर लिहून घ्यावे, दाखला हाती येताच अक्षर न् अक्षर तपासावे आणि पुढे सर्वत्र तेच लिहावे. विद्यार्थ्यांनी दहावीचा फॉर्म भरण्यापूर्वी आपली कागदपत्रे एकमेकांशी ताडून पाहावीत.

प्रज्ञा ठेवावे की पञ्ञा? दोन्ही शुद्ध, दोन्ही आपलीच. पाली रूप ठेवणाऱ्यांनी मात्र मुलीला त्याचा उच्चार व अर्थ लहानपणीच शिकवावा, म्हणजे वर्गात कोणी ‘पन्ना’ म्हटले तर ती स्वतः दुरुस्त करू शकेल. उच्चाराइतकेच महत्त्व आचरणालाही आहे. मुलीचे नाव प्रज्ञा ठेवायचे आणि दहावीनंतर तिची शाळा बंद करायची, ही विसंगती आपल्या वस्तीत राहू नये. तिला शिकू द्यावे. नावाचा खरा उच्चार तोच.

जयभीम!