काजूकणीची जोडबिस्किटे व करवंदाचा जाम

काजूच्या कारखान्यात बी वाफवून, फोडून, वाळवून व सोलून झाल्यावर गराची प्रतवारी होते. अख्खे गर प्रथम निराळे काढले जातात. एका पौंडात किती गर बसतात त्यावरून त्यांस २४०, ३२० असे क्रमांक पडतात व चांगला भाव मिळतो तो त्यांनाच. मागे राहतात पाकळी, तुकडा आणि कणी. चवीत अथवा पोषणात कणी अख्ख्या गराहून कमी नसते. परंतु ती दिसावयास गरीब, म्हणून तिचा भाव पुष्कळच उतरतो. घरी हातयंत्रावर बी फोडणाऱ्या कुटुंबांत तर ती हमखास साठते, आणि पावसाळा लागला की तिला खवट वास येऊ लागतो.

या कणीचे काय करावे, असा प्रश्न कोकणातील भगिनी आम्हांस नेहमी विचारतात. त्याचे एक उत्तर या लेखात द्यावयाचे आहे. कणीची पूड व मैदा यांची पातळ बिस्किटे भाजून, दोन बिस्किटांमध्ये फळांचा जाम भरून केलेला हा पदार्थ आहे. त्यास येथे जोडबिस्किट म्हटले आहे.

हा प्रकार मूळचा आपला नव्हे. ऑस्ट्रिया देशात डॅन्यूब नदीकाठी लिंझ नावाचे नगर आहे. बदाम किंवा तत्सम कवचफळांची पूड घालून मळलेल्या पिठाचा व वर आंबट फळांचा जाम घातलेला केक त्या नगराच्या नावाने ओळखला जातो. त्याची सन १६५३ मधील हस्तलिखित कृती ॲडमाँट येथील मठाच्या ग्रंथालयात सन २००५ मध्ये आढळली. त्याच धर्तीच्या छोट्या जोडबिस्किटांना तेथे ‘लिंझचे डोळे’ म्हणतात. कारण वरच्या बिस्किटाला भोके पाडलेली असतात व त्यांतून तांबडा जाम डोकावतो. त्यांच्याकडे बदाम व रेड करंट हे लहान, लाल, आंबट फळ. आपल्याकडे काजू व करवंद. काजूचे झाड तरी मूळचे आपले कोठे आहे? सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ते ब्राझीलमधून आणले आणि आज कोकणातील डोंगरउतारांवर ते घरच्यासारखे झाले आहे. काजूबी व करवंदे या दोहोंचा हंगामही उन्हाळ्यात एकत्र येतो, ही मोठीच सोय होय.

कृतीकडे वळण्यापूर्वी माझ्या हातून घडलेली एक चूक सांगणे अवश्य वाटते. काही वर्षांपूर्वी सिंधुदुर्ग जिल्ह्यातील एका गावी महिला बचत गटासाठी मी या बिस्किटांचा वर्ग घेतला. गणेश चतुर्थी तोंडावर होती व गटाने मोठ्या उत्साहाने काही घरांच्या मागण्याही घेतल्या. जाम शिजत असता एक वयस्कर काकी पळी तिरकी धरून म्हणाल्या, “साहेब, जाम अजून पातळ आसा.” मी घड्याळाकडे बोट दाखविले, पुस्तकातील वेळ भरली होती. बिस्किटे कोमट असतानाच आम्ही जाम भरला आणि डबे बंद केले. तिसऱ्या दिवशी बिस्किटे मऊ पडली. सहाव्या दिवशी कडेला पांढरट बुरशी दिसू लागली आणि डबे परत आले. गटाची पहिलीच कमाई बुडाली. चूक काकींची नव्हती, गटाचीही नव्हती. शिजण्याची वेळ आंच, भांडे व फळातील पाणी यांवर अवलंबून असते. घड्याळाला ती ठाऊक नसते.

असे का झाले, हे नीट समजून घेतले पाहिजे. चांगल्या भाजलेल्या बिस्किटात दोन ते चार टक्केच पाणी उरते. उत्तम शिजलेल्या जाममध्येही ते तीस टक्क्यांच्या आसपास असते. दोन्ही एकमेकांस चिकटून ठेवले की जाममधील पाणी हळूहळू बिस्किटात शिरते. हे पूर्णपणे थांबविता येत नाही, लांबविता मात्र येते. जाम जितका पातळ, बिस्किट जितके कच्चे व भरण्याची घाई जितकी अधिक, तितके ते लवकर घडते. बिस्किटे कोमट असताना डबा बंद केला तर आतील वाफेचे पाणी होऊन झाकणावरून खाली ठिबकते. ओल्या पृष्ठभागावर बुरशीला मग वेळ लागत नाही. कोकणातील पावसाळी हवा यात भरच घालते.

आता जाम. करवंदे पूर्ण पिकलेली, काळी घ्यावीत. मात्र चौथा हिस्सा लालसर, अर्धवट पिकलेली असावीत, कारण जाम बांधून आणणारे पेक्टिन त्यांत अधिक असते. फळे स्वच्छ धुऊन, जेमतेम बुडतील इतक्या पाण्यात मऊ होईपर्यंत शिजवावीत व गर चाळणीवर घासून बिया काढून टाकाव्यात. एक किलो गराला एक ते सव्वा किलो साखर पुरते. करवंद मुळातच आंबट असल्याने लिंबू लागत नाही. पिकलेल्या आंब्याचा जाम करावयाचा असेल तर एक किलो रसाला पाऊण किलो साखर व दोन-तीन लिंबांचा रस घालावा. आंबटपणा कमी पडला तर जाम बांधत नाही. भांडे स्टेनलेस स्टीलचे घ्यावे. आंबट फळ कल्हई नसलेल्या पितळेच्या भांड्यात कधीही शिजवू नये.

जाम मोठ्या आंचेवर, सतत ढवळत आटवावा. तापमापक असेल तर १०५ अंश सेल्सिअस ही खूण धरावी. नसेल तर काकींची खूण तितकीच विश्वसनीय आहे: पळी बुडवून थोडी थंड होऊ द्यावी व तिरकी धरावी. जाम थेंबाथेंबाने गळला तर कच्चा; कडेला जमून पातळ पडद्यासारखा तुटून पडला तर तयार. थंड ताटलीत थोडा टाकून मधून बोट ओढावे. रेघ मिटता कामा नये. पोळीबरोबर खाण्यास इतका जाम पुरे. बिस्किटात भरण्यासाठी मात्र तो आयत्या वेळी पुन्हा चार-पाच मिनिटे आटवावा लागतो. आमच्या वर्गात नेमके हेच राहून गेले होते. मे महिन्यात केलेला जाम उकळत्या पाण्यात निर्जंतुक केलेल्या काचेच्या बरण्यांत गरम असतानाच भरून ठेवल्यास तो पावसाळ्यात उपयोगी पडतो.

बिस्किटांचे प्रमाण येणेप्रमाणे: मैदा २०० ग्रॅम, काजूकणीची पूड १०० ग्रॅम, पिठीसाखर १०० ग्रॅम, साजूक तूप १३० ग्रॅम, चिमूटभर मीठ व थोडे किसलेले जायफळ. तुपाऐवजी लोणी घ्यावयाचे असल्यास ते १६० ग्रॅम घ्यावे, कारण लोण्यात तुपाप्रमाणे निव्वळ स्निग्धांश नसून पाणीही असते. युरोपातील भटारी अशा पिठासाठी एक भाग साखर, दोन भाग लोणी व तीन भाग पीठ हे प्रमाण धरतात. आपण लोणी कमी करतो ते काजूमुळे. गराचा जवळजवळ निम्मा भाग तेलच असते. या प्रमाणात तीस ते पस्तीस जोड्या होतात. वजनकाटा एकदा तरी वापरावा व मग आपल्या घरच्या वाटीला ते माप बसवून घ्यावे. वाट्या घरोघरी निराळ्या असतात, हे विसरू नये.

कणी प्रथम वासाने पारखावी. किंचितही खवट असेल तर ती बिस्किटात लपत नाही, उलट भाजल्यावर अधिकच जाणवते. चांगली कणी मंद आंचेवर थोडी परतून पूर्ण गार करावी व थोड्या साखरेबरोबर मिक्सरमध्ये थांबत थांबत फिरवावी. एकदम फिरविल्यास ती तापून तेल सोडते व पुडीऐवजी लगदा होतो. पूड चाळून घ्यावी.

थिजलेले तूप व साखर हलकी होईपर्यंत फेसावी. त्यात पूड, मैदा, मीठ व जायफळ घालून हलक्या हाताने एकत्र करावे. पीठ जुळत नसेल तरच एक-दोन चमचे थंड दूध घालावे. पोळीच्या कणकेप्रमाणे ते मळू नये. मळल्याने मैद्याला चिवटपणा येतो व बिस्किट खुसखुशीत न होता कडक होते. नानकटाई करणाऱ्या भगिनींना हे निराळे सांगावयास नको. गोळा झाकून अर्धा तास थंड जागी ठेवावा. उन्हाळ्यात कोकणात तूप विरघळलेलेच असते. अशा पिठाची बिस्किटे भट्टीत पसरून एकमेकांस चिकटतात. ज्यांच्या घरी फ्रिज आहे त्यांनी गोळा त्यात ठेवावा. नसेल तर पहाटेची वेळ धरावी.

गोळा दोन प्लॅस्टिकच्या कागदांमध्ये अर्धा सेंटिमीटरहून किंचित पातळ लाटावा व डब्याच्या लहान झाकणाने गोल चकत्या पाडाव्यात. निम्म्या चकत्यांच्या मध्यभागी बाटलीच्या बुचाने भोक पाडावे. मैद्याचा तिसरा हिस्सा काढून तेथे नाचणीचे पीठ घातले तरी चालते. बिस्किट थोडे भुसभुशीत होते, पण चवीला खमंग लागते.

भाजण्यासाठी विजेचा ओव्हन असल्यास १६० अंशांवर बारा ते पंधरा मिनिटे पुरतात. ओव्हन नसला तरी अडून राहण्याचे कारण नाही. जाड बुडाच्या पातेल्यात बोटभर मीठ अथवा स्वच्छ वाळू पसरावी, वर अडणी ठेवावी व झाकण लावून दहा मिनिटे तापवावे. मग बिस्किटांची थाळी अडणीवर ठेवून मंद आंचेवर भाजावे. यात वेळ थोडा अधिक लागतो व पहिली थाळी बहुधा बिघडते, म्हणून तीत चारच बिस्किटे ठेवावीत. गावात बेकरी असेल तर पूर्वी नानकटाईचे पीठ नेऊन जसे भाजून आणीत तसे आजही करता येईल. कडा फिकट सोनेरी झाल्या की थाळी काढावी. गरम बिस्किट मऊच लागते. ते गार झाल्यावर कडक होते. म्हणून मऊ आहे असे पाहून भाजतच राहू नये. भोक पाडलेल्या चकत्या लवकर भाजतात, त्या निराळ्या थाळीत ठेवाव्यात.

भाजलेली बिस्किटे जाळीवर पूर्ण गार करून घट्ट झाकणाच्या डब्यात भरावीत. न भरलेली बिस्किटे अशी दोन-तीन आठवडे चांगली राहतात. जाम भरावयाचा तो आयत्या वेळी. आटवलेला जाम कोमट असताना खालच्या चकतीवर अर्धा चमचा, कडेला बोटभर जागा सोडून, पसरावा व वर भोकाची चकती हलकेच दाबावी. दोन-तीन तास उघड्यावर, जाळीखाली ठेवून जामवर साय धरू द्यावी व नंतरच डबा बंद करावा. घरी खाण्यासाठी एक दिवस आधी भरली तर बिस्किट किंचित मुरते व माझ्या मते अधिक रुचकर लागते. विक्रीसाठी मात्र भरल्यापासून चार-पाच दिवसांत ती खाऊन संपतील एवढीच भरावीत.

देशावरील वाचक विचारतील की, आमच्याकडे काजू कोठला? त्यांनी भाजून, साले काढून केलेले शेंगदाण्याचे कूट त्याच प्रमाणात घ्यावे व पेरूचा जाम भरावा. पेरूतही पेक्टिन भरपूर असते. येथे एक गोष्ट कटाक्षाने पाळावी. ओलसर साठविलेल्या शेंगांवर वाढणाऱ्या एका बुरशीमुळे अफलाटॉक्सिन हे विष तयार होते. सन १९६० मध्ये इंग्लंडमध्ये टर्की पक्षी मोठ्या संख्येने दगावले, तेव्हा शेंगदाण्याच्या पेंडीतून त्याचा शोध लागला. ते यकृताला घातक असून बिस्किट भाजण्याच्या उष्णतेने नष्ट होत नाही. म्हणून सुरकुतलेले, काळवंडलेले, बुरशी धरलेले दाणे निवडून फेकून द्यावेत. स्वस्त पडतात म्हणून ते कुटात घालू नयेत व जनावरांनाही घालू नयेत.

विक्रीचा विचार असेल तर हिशेब आधी मांडावा. एक किलो कणीपासून जामसह सुमारे सहा किलो बिस्किटे होतात. म्हणजे खर्चाचा मोठा वाटा कणीचा नसून तूप, इंधन व मजुरी यांचा असतो. लाटणे, कापणे, दोनदा भाजणे, भरणे यांमुळे नानकटाईच्या जवळजवळ दुप्पट काम पडते. आठवडी बाजारात हा माल परवडणार नाही, असे मला वाटते. सणावाराच्या मागण्या, पर्यटकांची वर्दळ असलेली ठिकाणे व भेटीचे डबे यांसाठी तो योग्य आहे. थोड्या प्रमाणावर विकणाऱ्यांनाही अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ अन्वये नोंदणी करावी लागते. ग्रामकार्यकर्त्यांनी गटांना ती प्रथमच करून द्यावी. वेष्टनावर घटकपदार्थ, वजन, तारीख व नोंदणी क्रमांक असावा, आणि काजू किंवा शेंगदाणा असल्याचे ठळक लिहावे, कारण काही व्यक्तींना कवचफळे व शेंगदाणा यांची गंभीर ॲलर्जी असते.

ज्या गटाचे डबे परत आले होते, त्याने पुढील वर्षी पुन्हा मागण्या घेतल्या. या वेळी बिस्किटे चतुर्थीच्या दहा दिवस आधी भाजून ठेवली व जाम आदल्या दिवशी भरला. जाम केव्हा उतरवावयाचा ते काकींनी पळी तिरकी धरून ठरविले. डबा एकही परत आला नाही. भोकांतून निघालेल्या लहान टिकल्या भाजून गावच्या अंगणवाडीतील मुलांना दिल्या, त्या मात्र जाम न भरताच संपल्या.