सांडवा आधी, तळे मागाहून

घर, दुकान आणि धान्याचे गोदाम एकाच आवारात असणारी कुटुंबे गोंदियात नवी नाहीत. अशा आवाराच्या मागील दारी एखादे लहानसे तळे असले, की चैत्र-वैशाखात तेथे बुलबुल व मुंगूस पाण्यावर येतात, चतुर घिरट्या घालतात. आषाढ लागला, की मात्र वडीलधाऱ्यांची नजर तळ्यावरून गोदामाकडे वळते. तळे भरून वाहिले आणि बोटभर पाणी आत शिरले, तरी तांदळाच्या थप्पीतील खालची पोती नासावयास तेवढे पुरते.

वास्तविक जास्तीच्या पाण्याचे शास्त्र या जिल्ह्याला कोणी शिकवावे असे नाही. कोहळी समाजाने येथे पिढ्यान्‌पिढ्या तलाव बांधले. नवेगावबांधचा विस्तीर्ण जलाशय अठराव्या शतकाच्या प्रारंभी कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, असे सांगतात. मालगुजारी गेल्यावर हे तलाव ‘माजी मालगुजारी’ म्हणजे ‘मामा’ तलाव ठरले. मातीची पाळ कितीही भक्कम असो, पाणी तिच्यावरून वाहू लागले की ती टिकत नाही. म्हणून अशा तलावाला पाळीपेक्षा सखल असा सांडवा ठेवावाच लागतो आणि त्यातून निघालेल्या पाण्याची वाटही ठरवावी लागते. अंगणातील तळ्यालाही हाच न्याय लागू आहे.

हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. तीन मीटर लांब व दोन मीटर रुंद तळ्यावर एका दिवसात १०० मि.मी. पाऊस कोसळला, तरी थेट पडणारे पाणी ६०० लिटरच होते. काठापासून १५ सें.मी. जागा रिकामी असेल, तर तेथे ९०० लिटर सहज मावतात. परंतु त्याच दिवशी १०० चौरस मीटर छपरावरून १०,००० लिटर पाणी उतरते. म्हणजे तळे बुडविते ते आभाळ नव्हे, छपराची पन्हळ! तिचे तोंड तळ्यात सोडू नये. ते शोषखड्ड्याकडे अथवा पाण्याच्या टाकीकडे वळवावे. उन्हाळ्यात भर घालावयाची असल्यास पहिल्या एक-दोन सरींचे धुळकट पाणी वगळून साठविलेले पाणी वापरावे.

सर झाली की रिकामी जागा भरलेली असते, आणि झडीच्या दिवसांत पाऊस थांबत नाही. म्हणून सांडवा हवाच. तो घर व गोदाम यांच्या विरुद्ध बाजूस, काठापेक्षा १० ते १५ सें.मी. खाली आणि निदान हातभर रुंद असावा. अनेकांना नळी बसविणे सुबक वाटते. पण एका पिंपळपानाने ती तुंबते. रुंद दगडी सांडव्यावरून पाणी पातळ थराने व संथ जाते, त्यामुळे बेडकांची पिल्ले ओढली जाण्याचा धोका कमी होतो. पुढे जाळी लावावी आणि पावसाळ्यात ती रोज झाडावी. गाळलेल्या पाण्यातील जीव मूळ पाण्यातच परत सोडण्याची रीत ज्या घरांत आहे, त्यांना हे काम परके वाटणार नाही.

बाहेर पडलेले पाणी कर्दळ, केळी, अळू यांच्या खोलगट वाफ्यात न्यावे. वाफा दोन-तीन दिवसांत कोरडा झाला पाहिजे. साचलेल्या पाण्यात आठवड्याभरात डास तयार होतात. शेजाऱ्याच्या भिंतीकडे उतार करणे तर सर्वथा अयोग्य.

तळ्यात शोभेचे मासे किंवा जलपर्णी असेल, तर सांडव्याचे पाणी नाल्यास मुळीच मिळू देऊ नये. तेथून ती गावच्या तलावापर्यंत पोहोचतात आणि मग त्यांचा बंदोबस्त कोणाच्याच हाती राहत नाही.

प्लास्टिकच्या अस्तराच्या तळ्यात आणखी एक घोटाळा होतो. श्रावणात आजूबाजूची जमीन चिंब झाली, की खालून दाबलेले पाणी अस्तर फुगवून वर उचलते. अशा वेळी तळे उपसण्याची घाई करू नये, कारण आतील पाण्याचे वजनच अस्तर दाबून धरते. काठाबाहेर वीतभर खोल चर खणून भोवतालचे पाणी वाहते करावे. अस्तर हळूहळू जागेवर बसते.