पहिलीच्या आधीची सहा वर्षे

राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला. मार्च १९२० मध्ये माणगाव परिषदेत ते आणि बाबासाहेब एका व्यासपीठावर आले. हा वारसा आपण दर जयंतीला सांगतो. पण आपली शिक्षणाची चर्चा शाळेच्या दारातच सुरू होते. तोवर मूल सहा वर्षांचे झालेले असते.

कायद्यानेही हीच रेघ ओढली आहे. संविधानाच्या मूळ कलम ४५ मध्ये चौदा वर्षांपर्यंतची सर्व मुले होती, खालची वयोमर्यादा नव्हती. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने शिक्षण मूलभूत हक्क झाले, पण सहा ते चौदा वयापुरतेच. त्याआधीच्या वर्षांसाठी राज्याने फक्त प्रयत्न करायचा आहे. आणि मेंदूची ८५ टक्क्यांहून अधिक वाढ सहाव्या वर्षाआधीच होते, असे २०२० चे राष्ट्रीय शिक्षण धोरणच सांगते.

ही वाढ होते कशी? मूल बोट दाखवते, आपण त्या वस्तूचे नाव सांगतो, ते पुन्हा काही विचारते. या देवाणघेवाणीतून भाषा घडते. मोबाईल बोलतो, पण मुलाला उत्तर देत नाही. दोन वर्षांच्या आत स्क्रीन नको आणि चार वर्षांपर्यंत दिवसाला तासाभरापेक्षा जास्त नको, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितले आहे.

महागडी खेळणी लागत नाहीत. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला आदिवासी मुलांना शिंपले, बिया, खडे घेऊनच शिकवले. भाकरी थापताना पिठाचा गोळा मुलाच्या हातात द्या. त्यातून पुढे पेन्सिल धरणारी बोटे तयार होतात. तिसऱ्या वर्षीच मुळाक्षरे गिरवून घेण्याची घाई नको. मसूर आणि मूग वेगळे करणे, दारातल्या चपलांच्या जोड्या लावणे, हे गणितच आहे. (मूल डाळ नाकात घालणार नाही याकडे मात्र लक्ष हवे.)

एक गोष्ट जास्त बोचते. आपल्या वस्त्यांतल्या कित्येक आया ‘आमची भाषा अशुद्ध’ म्हणून मुलाशी मोजकेच बोलतात, नाहीतर दोन-चार इंग्रजी शब्द पाठ करून घेतात. ही लाज आपल्यावर लादलेली आहे. ‘मुंगी कुठं चाललीया?’ या प्रश्नाने मूल जेवढा विचार करते, तेवढा ‘ए फॉर ॲपल’ने करत नाही. आई जी बोली बोलते, तिच्यातच भरपूर बोलावे. आजीच्या गोष्टीही तिच्याच बोलीत होऊ द्याव्यात.

आणि बाप? बैठका आणि मोर्चे करून रात्री दहाला घरी येणाऱ्या कार्यकर्त्याचे मूल तोवर झोपलेले असते. आठवड्यातून दोन संध्याकाळी तरी बैठक लवकर संपवावी.

रविवारी विहारात वंदनेनंतर अर्धा तास लहानग्यांना आई-बापांसह बसवून गोष्ट सांगता येईल. वस्तीतल्या अंगणवाडीतही जाऊन विचारावे: खाऊ मिळतो, पण पूर्वप्राथमिक शिक्षणाचे तास रोज होतात का? १९७५ पासूनच्या एकात्मिक बालविकास योजनेत पोषणाबरोबर तेही आहे.