रानातला केवडा आणि घरातला रक्तक्षय

चुनखडीच्या रानात ऊस किंवा भुईमूग केवडा पडतो, पाने पिवळी-पांढरी होतात, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. खरे तर त्या मातीत लोहाचा तोटा नसतो. पण चुन्यामुळे ते न विरघळणाऱ्या रूपात अडकून पडते आणि मुळांना उचलता येत नाही. म्हणून आपण हिराकशीची, म्हणजे फेरस सल्फेटची, फवारणी करतो.

आपल्या घरातही असेच काहीसे घडत असते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वर्षे वयाच्या दर शंभर स्त्रियांपैकी सुमारे ५४ जणींना रक्तक्षय आढळला. बाजरीत लोह आहे, मटकीत आहे, मेथीत आहे. मग रक्त कमी का पडते? कारण खाल्लेले सगळेच अंगी लागत नाही.

लोह कशाला लागते?

रक्ताच्या तांबड्या पेशींत हिमोग्लोबिन असते. फुफ्फुसातला प्राणवायू अंगभर पोचवण्याचे काम ते करते, आणि त्याचा गाभा लोहाचा असतो. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. ती मेली की तिच्यातले लोह शरीर टाकून देत नाही, नव्या पेशीसाठी पुन्हा वापरते. त्यामुळे रोज बाहेरून फक्त एक ते दोन मिलिग्रॅम लोह रक्तात उतरले तरी भागते. पण पाळी, गरोदरपण आणि बाळंतपण यांत स्त्रीचे लोह खर्ची पडते. तेवढी भर पडली नाही, तर खुरपताना दम लागतो, जिना चढताना छाती धडधडते आणि चेहरा फिका पडतो.

आतड्याच्या दाराशी काय होते?

जठराच्या लगेच पुढे लहान आतड्याचा जो पहिला भाग आहे, तेथे लोह शोषले जाते. मटण, कलेजी, मासे यांतले लोह सहज आत जाते. धान्य, कडधान्य आणि पालेभाजीतल्या लोहाची वाट मात्र अवघड असते. ते आधी विरघळावे लागते आणि त्याचे रूप बदलावे लागते. हे काम आंबट फळांतले क जीवनसत्त्व उत्तम करते.

उलट, वाट अडवणारेही आहेत. पहिले फायटेट. बियाणे आपला स्फुरदाचा साठा या रूपात जपून ठेवते. पोटात हे फायटेट लोहाला धरून बसते. दुसरे टॅनिन. बाभळीच्या सालीने कातडे कमावतात ते यातल्याच तुरट द्रव्याने. चहातही टॅनिन असते आणि तेही लोहाला बांधून टाकते. न्याहारीला चहा-भाकरी खाल्ली, किंवा जेवण होताच कपभर चहा घेतला, की भाकरीतल्या लोहाचा मोठा भाग तसाच बाहेर जातो.

जादा लोह बाहेर टाकण्याची सोय शरीरात नाही, म्हणून यकृत या दारावर पहारा ठेवते. साठा पुरेसा असला किंवा अंगात ताप असला, की यकृत हेप्सिडिन नावाचे द्रव्य सोडून दार ओढून घेते. साठा कमी असला की दार अधिक उघडते. पण दाराशी आलेले लोह बांधलेलेच असेल, तर उघड्या दाराचा उपयोग काय?

घरच्या घरी काय करावे?

मटकी, मूग, हरभरा मोड आणून खावेत. कोंब फुटताना बियाणे स्वतःच फायटेट मोडते. पीठ रात्रभर आंबवून केलेल्या आंबिलीतही ते कमी होते.

उसळीवर, भाजीवर लिंबू पिळावे, पण भांडे चुलीवरून उतरवल्यावर. उष्णतेने क जीवनसत्त्व नष्ट होते. लिंबू महाग असेल तेव्हा पेरू, आवळा किंवा कच्चा टोमॅटो जेवणाबरोबर घ्यावा.

चहा सोडायला नको, जेवणापासून तासभर दूर ठेवावा. भाजी लोखंडी कढईत केली, त्यातही आंबट घातले, तर कढईचे थोडे लोह अन्नात उतरते.

बाजरी पेरणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. जास्त लोहाचा ‘धनशक्ती’ हा वाण २०१२ साली महाराष्ट्रात प्रसारित झाला. महाराष्ट्रातील १२ ते १६ वर्षांच्या शाळकरी मुलांना सहा महिने जादा लोहाच्या बाजरीची भाकरी दिली, तेव्हा लोह कमी असलेल्या मुलांचा साठा साध्या बाजरीपेक्षा चांगला भरून आला. हा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला.

गोळी आणि तपासणी

रक्तक्षय जडल्यावर नुसत्या आहाराने लवकर भरून येत नाही. आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. ते १२ ग्रॅमच्या खाली, गरोदरपणी ११ च्या खाली, असेल तर रक्तक्षय समजतात. तेथे मिळणाऱ्या गोळीत बहुधा फेरस सल्फेटच असते. शेतीची हिराकस मात्र चुकूनही तोंडात घालू नये, ती विषारी ठरते. गोळी चहा-दुधाबरोबर न घेता लिंबूपाण्याबरोबर घ्यावी. शौचास काळे होते, त्याला घाबरून गोळी सोडू नये. गोळ्या लहान मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा ठेवाव्यात.

अनवाणी रानात फिरल्याने अंकुशकृमी पायातून शिरतात आणि आतड्यात रक्त पितात. पायात चप्पल हवी आणि जंताचे औषध वेळेवर हवे. गोळ्या घेऊनही फरक पडला नाही, तर सिकलसेल किंवा थॅलेसेमिया आहे का, हे डॉक्टरांकडून पाहून घ्यावे.

शेवटची गोष्ट घरातल्या पुरुषमंडळींसाठी. अनेक घरांत बाई सर्वांत शेवटी जेवते. तोवर उसळ संपलेली असते, लिंबाची फोडही उरलेली नसते. राहते ती भाकरी, ठेचा आणि वर चहा. केवडा पडलेल्या उसासाठी आपण पंप पाठीला लावून रानात उतरतो. घरात तेवढेही कष्ट नाहीत. पातेल्यातली तिची वाटी आधी काढून ठेवावी, किंवा सर्वांनी एकत्र जेवायला बसावे.